बाटली कोनी फेकते का?

रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, सकाळी नऊला क्लायंटचा कॉल असतो, आणि मी अंथरुणात पडून इंग्लंडमधल्या कुठल्यातरी शेताच्या कडेला एक माणूस खड्डा खणतोय ते बघत असतो. खड्ड्याच्या भिंतीत राखेचा करडा थर दिसतो. माणूस खुरप्यासारख्या हत्यारानं तो हळूहळू कोरतो. मग मातीतून काचेचा गोलसर भाग चमकतो आणि कॅमेरा जवळ जातो. अखंड निघू दे, असं तो पुटपुटतो. बाटली बाहेर येते. अंगठ्यानं चिखल पुसला की काचेवर उठावाची अक्षरं दिसतात. कुठल्याशा गावचा कुठलासा सोडावॉटरवाला, साल अंदाजे १८९५. मी फोन ठेवायला जातो आणि पुढचा व्हिडिओ सुरू होतो.

दीड-दोन वर्षं हे व्हिडिओ बघितल्यावर मी स्वतः खणायला गेलो, अंजनगाव सुर्जीला, आमच्याच परसात. त्या चार दिवसांनंतर हे व्हिडिओ मला पहिल्यासारखे बघता येत नाहीत. म्हणून हा लेख. कादंबरीची समीक्षा होते, सिनेमाची होते, वेबसिरीजची तर प्रदर्शनाच्या आधीच होते. जी गोष्ट आपण रोज रात्री तासभर बघतो तिची का करू नये?

आधी थोडी पार्श्वभूमी. जुन्या बाटल्या खणून काढण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत १९६०-७० च्या दशकांत फोफावला. त्यामागे साधं कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे बाटली स्वस्त झाली. औषधं, सॉस, शाई, सोडा, बूटपॉलिश, सगळंच बाटलीत येऊ लागलं. घरोघरी कोळसा जळत होता, त्याची राख रोज निघायची, आणि ती उचलून गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकण्याची व्यवस्था होती. राखेबरोबर बाटल्याही गेल्या. राख मऊ असते, त्यामुळे काच फुटली नाही. खड्डे भरले, वर गवत आलं, आणि शंभर वर्षांनी तिथे हा कॅमेरावाला पोचला. अमेरिकेत आणखी एक जागा या लोकांना फार आवडते: जुन्या घरामागचा संडासाचा खड्डा. घर १८६० चं असेल तर खड्डाही तेव्हाचा, आणि लोक त्यात नको असलेलं बरंच काही टाकून द्यायचे. संडासाच्या खड्ड्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या व्हिडिओंना आता स्वतःचा पक्का साचा आहे. नायक एकटा असतो, फार तर एखादा मित्र. बाटली झोपलेली राजकन्या असते, ती शंभर वर्षं याचीच वाट बघत होती. मध्ये दोन-तीन फुटक्या बाटल्या निघतात, त्यावर हळहळ. मग अखंड बाटली, मग घरच्या सिंकमध्ये अंघोळ, मग खिडकीच्या उजेडात ठेवलेला देखणा शॉट. काही जण शेवटी किंमतही सांगतात. एक शब्द सतत येतो, वाचवणं. आम्ही ही बाटली वाचवली. मला यातलं पहिलं अर्धं अजूनही मनापासून आवडतं. मातीतून काच चमकते तो क्षण खोटा नाही, आणि दिवसभर स्क्रीनवर डोळे फोडणाऱ्या माणसाला चिखल बघूनही बरं वाटतं. पण या साच्यात एक प्रश्न कधी विचारला जात नाही. ही बाटली इथपर्यंत आणली कोणी? राख कोणी उचलली, गाडी कोणी ओढली? गोष्टीत फक्त दोन पात्रं असतात, टाकणारा आणि सापडणारा. मधला माणूस नसतो.

मलाही तो दिसत नव्हता. मला वेलस्ली दिसत होता.

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं: सुर्जी-अंजनगावचा तह, ३० डिसेंबर १८०३, आर्थर वेलस्ली आणि दौलतराव शिंदे. त्याआधी २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. बाहेरच्यांना हे परीक्षेतलं एक वाक्य असतं. आमच्या गावच्या पोराला मात्र आपल्या गावाचं नाव पुस्तकात छापलेलं बघून छाती फुगवायचा तो एक हक्काचा क्षण असतो. पानमळे आणि पानपिंपरी यांच्यापलीकडे आमची ख्याती तेवढीच. तर माझा हिशेब असा होता: इंग्रजी फौज आली, छावणी पडली, साहेब लोक वाइन प्यायले, बाटल्या इथेच टाकून गेले. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या माणसाची रिकामी बाटली आमच्या शहानूर नदीच्या काठी कुठेतरी पडलेली असणार. हा विचार मी ऑफिसात एका मित्राला बोलून दाखवला. त्यानं जेवणाचा डबा बंद केला आणि म्हणाला, तू सुट्टी घे.

दिवाळीत सुट्टी घेतली. तोवर थोडा शहाणा झालो होतो. दुसऱ्याच्या शेतात न विचारता जायचं नाही हे तर झालंच. गाविलगडासारख्या संरक्षित जागी कुदळ घेऊन जाण्याचा विचारही करायचा नाही, तिथे परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची चीज सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ही रक्कम वाचून मी हसलो, पण कायदा तसा आहे. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती वाटेल तशी परदेशी पाठवता येत नाही. व्हिडिओत यातलं काही नसतं, कारण ते त्यांच्या देशात खणत असतात. म्हणून मी आमच्या परसातला जुना उकिरडा निवडला. गुरं विकून पंधरा-वीस वर्षं झाली, जागा सपाट झाली आहे, बाजूला कडुनिंब आहे. तिथे आजोबांच्या आधीपासून उकिरडा होता, म्हणजे शंभर वर्षांचे थर मिळायला हरकत नव्हती.

आजी ओसरीवर बसून बघत होती. "कायले खोदून रायला रे? आज्यानं धन पुरलं हाये का?"

चार दिवसांत साडेतीन फूट गेलो. मिळालं ते असं: बांगड्यांचे तुकडे, खूप. टॉर्चचे गंजलेले सेल. एनॅमलच्या कपाचा कान. प्लास्टिक, अगदी तळापर्यंत. औषधाच्या बाटलीचा एक तुकडा, मापाच्या रेघा असलेला. जाड हिरवट काचेचं एक बूड. एक काचेची गोटी. आणि सोड्याच्या बाटलीचा गळा, मध्ये चिमटा काढल्यासारखा दबलेला. तिसऱ्या दिवशी बोट कापलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, आणि डॉक्टरांनी कशानं कापलं विचारल्यावर मी सुरी म्हणालो.

प्लास्टिक तळापर्यंत कसं, याचं उत्तर मातीत आहे. आमची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, तिला हात-हात खोल भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि भेगा मिटतात. वर पडलेली वस्तू भेगेतून खाली जाते, खालची फुगवट्यानं वर येते. दर वर्षी माती स्वतःलाच नांगरत असते. राखेच्या खड्ड्यात खाली म्हणजे जुनं, वर म्हणजे नवं, हे सूत्र चालतं. काळ्या मातीत शाम्पूच्या पुडीखाली पेशवाई सापडेल याचा भरवसा नाही, आणि पेशवाईखाली शाम्पूची पुडी सापडली तर नवल नाही.

तरी गळा सापडला होता. व्हिडिओंनी मला बाटली वाचायला शिकवलं होतं, आणि हे त्यांचं श्रेय मी नाकारणार नाही. बाटलीच्या अंगावर साच्याच्या दोन भागांच्या जोडाची उभी रेघ असते. रेघ ओठाच्या खालीच संपली तर ओठ हातानं लावलेला. रेघ ओठावरून पार गेली तर बाटली यंत्रावरची. अमेरिकेत मायकेल ओवेन्सनं १९०३ च्या सुमारास पूर्ण स्वयंचलित यंत्र आणलं, त्यामुळे तिकडे ही रेघ साल सांगते. बुडाला दांडी तोडल्याचा खरखरीत व्रण असेल तर बाटली आणखी जुनी. हिरवट-निळसर छटा वाळूतल्या लोहाची. मँगनीज घातलेली पांढरी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर जांभळट होते. एका वस्तूच्या अंगावर एवढी माहिती असते आणि आपण आयुष्यभर तिला नुसतं उचलून ठेवतो, हे कळल्यावर मला खरोखर थरारल्यासारखं झालं होतं.

माझ्या गळ्यावरची रेघ ओठाखाली संपत होती. काचेत बुडबुडे होते. गळ्याचा आकार तर ओळखीचाच, कॉडची बाटली. हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरनं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला हिचं पेटंट घेतलं. गळ्यात काचेची गोटी, ओठाच्या आत रबराची चकती. बाटली उलटी धरून भरायची, गॅसचा दाब गोटीला चकतीवर दाबून धरतो, झालं झाकण. पिताना गोटी आत ढकलायची, गळ्यातल्या दोन खाचा तिला अडवून धरतात. इंजिनिअर म्हणून सांगतो, इतकं सुबक डिझाइन मी आमच्या कंपनीत अजून बघितलेलं नाही. तक्त्याप्रमाणे माझा निकाल पक्का होता: १८९० ते १९१०.

तो गळा घेऊन बसस्टँडजवळच्या सोड्याच्या गाडीवर गेलो. काकांनी हातात घेऊन फिरवला आणि परत दिला. "हे आमच्या बाबाच्या गाडीवरचं असन. नाई तं माह्याच." मग त्यांनी गाडीखालच्या क्रेटमधून एक अखंड बाटली काढून समोर ठेवली. तोच गळा, तेच बुडबुडे, रेघ ओठाखालीच थांबलेली.

परदेशी तक्ता इथे चालत नाही, तो असा. भारतात तोंडानं फुंकून आणि हातानं ओठ लावून बाटल्या करणं यंत्र आल्यावरही कित्येक दशकं चालू राहिलं. आपल्याकडे काचेचे कारखाने उभे राहिले तेच मुळी उशिरा. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळ्यांनी चालवलेल्या पैसा फंडाचा तळेगावचा काच कारखाना १९०८ चा, आणि कंदिलांनी नाव काढणारा कऱ्हाडजवळच्या ओगल्यांचा त्यानंतरचा. तिकडे हातानं बाटली फुंकणं संपत होतं तेव्हा इकडे ते स्वदेशी म्हणून सुरू होत होतं. आणि कॉडची बाटली, जी इंग्लंडमध्ये खणून काढावी लागते, ती उत्तर प्रदेशातल्या सासनीत आजच्या काळातही बनत आली आहे. दुसऱ्याच व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन उघडून डीबगिंग करायला बसल्यासारखं माझं झालं होतं. वेलस्लीची बाटली शोधायला गेलो आणि बसस्टँडवरची मिळाली.

पण खरा प्रश्न सालाचा नव्हताच. शंभर वर्षांच्या उकिरड्यात अखंड बाटली एकही नाही, फुटकीही जेमतेम तीन, हे कसं? हे मी आजीला विचारलं आणि तिनं वरचं शीर्षक उच्चारलं. "बाटली कोनी फेकते का बापा? एक संपलं का दुसरं भराचं."

मग ती बोलत राहिली आणि मी फोनमध्ये नोंदी करत राहिलो. सरकारी दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यावी लागायची. कंपाउंडर त्यात लाल मिक्चर भरायचा आणि खाचा कापलेली कागदाची पट्टी डकवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. बाटली नाही तर औषध नाही. म्हणून एखादी चांगली बाटली शेजारी उसनी मागायला यायचे. औषध संपलं की तीच बाटली राकेलला, तोंडाला कापडाचा बोळा. लहान बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाला भोक पाडून वात घातली की चिमणी झाली, तिच्या उजेडात माझ्या वडिलांनी सातवीपर्यंत अभ्यास केला. मोठ्या बाटलीत एरंडेल, नाहीतर मेळघाटातून येणारं मध. फुटली तरी ती कामाला यायची. बुडाचे तुकडे कंपाउंडच्या भिंतीवर सिमेंटमध्ये रोवायचे. उरलेली काच पोरं संक्रांतीच्या आधी खलबत्त्यात कुटून, वस्त्रगाळ करून मांज्याला लावायची. सोड्याची बाटली फुटली की गोटी कोणाची यावरून भांडण. आणि यातलं काहीच जमलं नाही तर दारावर भंगारवाला यायचा, तो काचेच्या बदल्यात मुरमुरे द्यायचा.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मायकेल थॉम्प्सनचं १९७९ चं 'रबिश थिअरी' नावाचं पुस्तक आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काही वस्तूंची किंमत दिवसेंदिवस उतरत जाते, काहींची चढत जाते. उतरणारी वस्तू एकदम चढणारी होत नाही. मध्ये तिला कचरा व्हावं लागतं, किंमत शून्य व्हावी लागते, लोकांच्या नजरेतून ती पूर्ण उतरावी लागते. मगच कोणीतरी तिला नव्यानं शोधतं आणि ती अँटीक होते. व्हिडिओतल्या बाटलीचा प्रवास अगदी असाच आहे. आजीच्या बाटलीचा नाही. तिची किंमत शून्यापर्यंत कधी पोचलीच नाही. मुरमुऱ्यांवर येऊन थांबली. तिथून ती भट्टीत गेली आणि पुन्हा बाटली झाली. जी वस्तू कधी कचराच झाली नाही ती अँटीक कशी होणार?

उकिरड्याचंही तेच. इंग्लंडमधला खड्डा भरला की बुजवून टाकत. आमचा उकिरडा दर उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, बैलगाडीत भरून शेतात जायचा, कारण ते खत होतं. म्हणजे मी शंभर वर्षांचे थर शोधत होतो ती जागा शंभर वेळा रिकामी झालेली होती. परसात काही नसेल तर शेतात तुकडे मिळतील, हेही मग कळलं. पाचव्या दिवशी वावरात गेलो, नांगरलेल्या तासात अर्ध्या तासात ओंजळभर निळे-हिरवे कपचे मिळाले. नखाएवढे. त्यांचा व्हिडिओ होत नाही.

इथपर्यंत ही गोष्ट मला आवडत होती. आमच्या लोकांनी काहीच वाया घालवलं नाही, रिसायकलिंग आम्हाला शिकवू नका, असा एक फॉरवर्ड करण्याजोगा शेवट तयार होत होता. मग मला संडासाचा खड्डा आठवला. अमेरिकेतले सगळ्यात चांगले नग तिथेच निघतात. आमच्या वाड्यामागे जुना संडास होता हे मला माहीत होतं, मोडक्या भिंती अजून उभ्या आहेत. मी आजीला विचारलं, त्याचा खड्डा नेमका कुठे होता?

ती म्हणाली, खड्डा नव्हता. टोपली होती.

मागच्या बोळाकडे एक छोटं दार आहे, गुडघ्याएवढं. लहानपणापासून आम्ही त्याला कुत्र्याचं दार म्हणत आलो. रोज सकाळी त्या दारातून एक बाई टोपली ओढून घ्यायची आणि डोक्यावर घेऊन जायची. पावसाळ्यातही. टोपलीचे असे संडास आपल्याकडच्या कितीतरी नगरपालिकांच्या गावांत होते, आणि ते काम कोणी करायचं हे जात ठरवायची. त्याविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा आहे, माझ्या जन्माच्या थोडाच आधीचा. तो पुरला नाही म्हणून दुसरा २०१३ साली करावा लागला.

आमच्या परसात बाटल्यांनी भरलेला खड्डा का नाही, याचं हे उत्तर आहे. काटकसर हे त्यातलं अर्धं. उरलेलं अर्धं हे, की खड्डा लागूच नये अशी सोय होती, आणि ती सोय एक माणूस होती. मी तिथे साडेतीन फूट खणून काही नाही म्हणत होतो. खड्डा रिकामा होता कारण तो कोणीतरी रोज आपल्या डोक्यावरून रिकामा केला होता.

मी विचारलं, त्या बाईचं नाव काय होतं? आजीला दवाखान्याच्या बाटलीवरची पट्टी आठवते. मुरमुरे मापायचा डबा आठवतो. ती बराच वेळ गप्प बसली. "नाव आठवत नाई बापा. बाई आली, असंच म्हनो आमी." मग म्हणाली, तिले पानी वरून वाढो. हे तिनं कुठल्या सुरात सांगितलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मी पुढे विचारलंही नाही. विचारायला हवं होतं.

पुण्याला परत आल्यावर तेच व्हिडिओ पुन्हा लावले. वाचवली हा शब्द आता कानाला टोचतो. लंडनमध्ये थेम्सच्या चिखलात जुन्या वस्तू शोधणाऱ्यांना मडलार्क म्हणतात. आज हा प्रतिष्ठित छंद आहे, त्यासाठी बंदर प्राधिकरणाचा परवाना काढावा लागतो. पण हा शब्द मुळात त्या पोराबाळांचा आणि म्हाताऱ्या बायांचा, जे ओहोटीच्या वेळी अनवाणी चिखलात उतरून कोळसा, हाडं, दोरखंडाचे तुकडे वेचून विकायचे. हेन्री मेह्यूनं १८५१ च्या आपल्या ग्रंथात त्यांचं वर्णन केलं आहे. म्हणजे इंग्लंडमध्येही मधली माणसं होती. कचऱ्यात हात घालणं पोटासाठी असेल तर लाजेचं, आवडीसाठी असेल तर संस्कृती, आणि शब्द मात्र एकच. आपल्याकडे अजून दोन्ही एकाच वेळी, एकाच गल्लीत चालू आहे. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ साली उभी राहिली. योगायोग असा की साल त्या कायद्याचंच. संघटनेचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या नावात काच आहे. मी काचेवरचे शेकडो व्हिडिओ बघितले आणि माझ्या सोसायटीच्या तळमजल्यावर रोज सकाळी आमच्या बाटल्या वेगळ्या काढणाऱ्या बाईंचं नाव मला पाच वर्षं माहीत नव्हतं. आता विचारलं आहे.

हा छंद करू नका असं मी म्हणत नाहीये. मी स्वतः सोडलेला नाही, फक्त खणणं सोडलंय. आपल्याकडे जुन्या बाटलीचा माग काढायचा तर कुदळीपेक्षा तोंड जास्त उपयोगी पडतं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या जमवल्या त्या गावोगावी हिंडून, लोकांच्या घरातून, मागून आणि विकत घेऊन. पण तिथेही मला एक गोष्ट सलते. कोरीव अडकित्ता कपाटात पोचला, सुंदर वज्री पोचली. चिमणी बनलेली औषधाची बाटली पोचायला ती सुंदर असावी लागली असती. छंद इंग्रजी असो की मराठी, निवडताना डोळा देखणेपणावरच जातो. मला हवा आहे तो संग्रह वेगळा असेल: भंगारवाल्याकडची दोन भागांत चिरलेली बरणी, भिंतीवरची रोवलेली काच, सोड्याच्या गाडीवरची गोटी, आणि प्रत्येकीखाली ती कोणाकोणाच्या हातून गेली त्याची नावं. उठावाच्या अक्षरांत फक्त कारखान्याचं नाव असतं.

त्या चार दिवसांचं चित्रण माझ्याकडे पडून आहे, एक तास वीस मिनिटं. ते कापून दहा मिनिटांचं करून टाकावं असं वाटलं होतं. पण शेवटाला दाखवायला अखंड बाटली नाही, आणि कुत्र्याच्या दाराचा जो शॉट आहे त्यात मी मागे हसत उभा आहे.

एक अखंड बाटली मिळाली, पण ती मातीत नाही. निघायच्या दिवशी माळ्यावर जुने पंचांगांचे गठ्ठे हलवताना सापडली. चपटी, फिक्या निळ्या काचेची, एका बाजूला मापाच्या रेघा, आणि पाठीवर कागद चिकटल्याचा पिवळा डाग. खाचांची पट्टी असणार. रेघ ओठाखाली थांबते, यावरून मी आता काहीही निष्कर्ष काढत नाही. मी ती पुण्याला आणून खिडकीत ठेवणार होतो, मागून ऊन येईल अशी. टॉवेलात गुंडाळत असताना आजीनं हात पुढे केला. तिनं ती राखेनं घासली, दोनदा विसळली, अंगणात उन्हात पालथी ठेवली आणि मला चहा प्यायला बोलावलं. बस चुकायला नको म्हणून मी घाईत निघालो. मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं तर म्हणाली, त्यात एरंडेल भरलं हाये.